गोधडी शिवणाऱ्या मैत्रिणींना नाताळची भेट, दीडशे रुपयांत

आमच्याकडे गोव्यात, फोंड्याला आम्ही आठ-नऊजणी दर शनिवारी दुपारी कुणाच्या ना कुणाच्या बल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर बसून गोधड्या शिवतो, आणि नाताळ ते नवीन वर्ष या मधल्या शनिवारी एकमेकींना छोटीशी भेट देतो. मंडळात हिंदू आहेत, ख्रिश्चन आहेत, त्यामुळे दिवाळीला पाच प्रकारचे पोहे आणि नाताळला नेवऱ्या-दोदोलची ताटं हे येणं-जाणं आधीपासूनच होतं, भेटवस्तूंचं खूळ नंतर शिरलं. पहिल्या वर्षी काय काय दिलं गेलं ते विचारूच नका. सुई-दोऱ्याचं चित्र असलेला मग, दोन फोटोफ्रेम, एक काचेचं बदक. बदक मला मिळालं. ते अजून शोकेसमध्ये आहे आणि दर महिन्याला धूळ पुसताना मी त्याच्याकडे रागाने बघते.

यंदा तीन नवीन मुली आल्यात, त्यांनी विचारलं की ताई कमी पैशात काय द्यायचं, आम्हाला तर शिवणातलं अजून काहीच कळत नाही. तर हे त्यांच्यासाठी, आणि तुमच्याकडे असंच मंडळ असेल तर तुमच्यासाठीही. सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगून टाकते म्हणजे पुढचं सोपं जाईल: शिवणाऱ्या बाईला संपणारी वस्तू द्या. सुई बोथट होते, दोरा संपतो, मेण झिजतं, ब्लेडची धार जाते. या गोष्टी ती स्वतःसाठी घ्यायचं कायम पुढे ढकलते, "आहे की अजून, चालतंय" म्हणते, आणि बोथट सुईनेच टोचत बसते.

आधी आकडा ठरवा

आमची मर्यादा १५० रुपये आहे आणि ती सगळ्यांना सक्तीची आहे. हे कंजूषपणा म्हणून नाही गो, एकीने पाचशेचं दिलं की बाकीच्यांची तोंडं उतरतात आणि पुढच्या वर्षी दोघी काहीतरी कारण काढून येतच नाहीत, हे आम्ही बघितलंय. दुसरं म्हणजे चिठ्ठ्या टाका. आठजणींनी प्रत्येकीला दिलं तर सात भेटी, म्हणजे हजाराच्या वर खर्च. चिठ्ठीत एकच नाव येतं, तिच्यासाठी एकच भेट, पण नीट विचार करून. चिठ्ठ्या आम्ही तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला टाकतो, आमच्याकडे त्याला व्हडली दिवाळी म्हणतात, तोवर पाऊस पुरता गेलेला असतो आणि पुढे महिनाभर हातात राहतो. कापड धुवायचं, वाळवायचं असेल तर हे ऊनच कामाला येतं.

मग तिचा डबा बघा

जिचं नाव आलंय तिच्या शेजारी दोन शनिवार मुद्दाम बसा. ती कशी शिवते ते बघितल्याशिवाय काही घेऊ नका, कारण गोधडी शिवणाऱ्या सगळ्या एकच काम करत नाहीत.

एक प्रकार म्हणजे आमच्या शेजारच्या मावशींसारखा, जुन्या साड्या एकावर एक घालून हाताने धावदोरा. सात-आठ थर असतात, सुई लांब आणि दणकट लागते, दोरा जाड लागतो. त्यांना नाजूक विलायती सुई दिलीत तर पहिल्याच ओळीत मोडेल.

दुसऱ्या मशीनवाल्या. चौकोन कापायचे, पाव इंच शिलाई सोडून जोडायचे, मग भरण आणि अस्तर घालून वरून टीप मारायची. यांना कापड नवीन लागतं, माप काटेकोर लागतं, आणि यांच्या वस्तूही वेगळ्या.

तिसरा प्रकार आमच्यात एकीचाच आहे, ती कवंदी पद्धतीने शिवते. कवंदी ही सिद्दी बायकांची गोधडी, आपल्या सीमेपलीकडे कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात हे लोक राहतात, त्यांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलं गेलं आणि त्यातले बरेचसे गोव्यातूनच पळून त्या रानांत गेले. कवंदी बाहेरच्या कडेपासून सुरू होते, तुकडे लावत लावत गोल फिरत मधे यायचं, आणि चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावायची. हिला नवीन कोरं कापड नकोच असतं. धुऊन धुऊन मऊ झालेला सुती शर्ट, फाटकी लुंगी, यात तिचा जीव. तिला मी गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याचे दोन जुने शर्ट, बटणं आणि कॉलर काढून, इस्त्री करून, दोरीने बांधून दिले. खर्च शून्य. ती म्हणाली एवढं छान कुणी दिलं नाही, नवरा म्हणाला विचारायचं तरी होतंस.

डबा बघताना आणखी दोन गोष्टी बघा, दोरे कुठल्या रंगाचे संपत आलेत आणि सुया गंजल्यात का. गोव्यात चार महिने पाऊस, बाकीचे महिने समुद्राचा दमट वारा, सुया गंजणारच.

संपणाऱ्या वस्तूंची खरेदी

हाताने शिवणारीसाठी सुया. इथे नवीन माणसाचा हमखास घोटाळा होतो तो नंबरात: हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक आणि आखूड. बारीक टाक्यांनी थर एकत्र शिवायला, म्हणजे क्विल्टिंगला, बिटवीन नावाची बुटकी सुई येते, ८ ते १२ नंबरात, नवशिकीला ८ किंवा ९ बरी. जुन्या साड्यांच्या थरांना मात्र तीच जुनी लांब, मोठ्या नेढ्याची सुई. दुकानात नुसतं "गोधडीची सुई द्या" म्हटलं की काही जण दाभण काढून देतात, ते पोतं शिवायचं, ते घेऊ नका. जिला भेट द्यायची तिच्या डब्यातली एक सुई हळूच उचलून न्या आणि तशीच मागा. (नंतर परत ठेवा. मी एकदा विसरले, ती अख्खा तास जमिनीवर सुई शोधत होती, कुणाच्या पायात जाईल म्हणून आम्हाला कुणाला हलू दिलं नाही, आणि सुई माझ्या पर्समध्ये.)

मशीनवालीला मशीनच्या सुया. १४ नंबर, पाकिटावर ९०/१४ लिहिलेलं असतं, थरांतून टीप मारायला हाच बरा. पण घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो आणि टेलरच्या मशीनचा गोल असतो, दोन्ही एकमेकांत चालत नाहीत. तेव्हा आधी बघून घ्या. सुई मोडेपर्यंत बदलायची नाही अशी आपल्याकडे पद्धतच पडलीय, खरं तर आठ-दहा तास शिवून झाले की बदलावी, टीप सुटायला लागते ती बहुतेक वेळा मशीनमुळे नाही, बोथट सुईमुळे. पाच सुयांचं एक पाकीट म्हणजे एका बाईची कित्येक महिन्यांची सोय.

दोरा द्यायचा तर राखाडी किंवा मातकट पांढरा. लाल-हिरवा प्रत्येकीकडे असतो. राखाडी दोरा जोडकामात कुठल्याही रंगाखाली लपतो आणि तोच सगळ्यात आधी संपतो. जमलं तर तिच्या मशीनच्या मापाच्या चार बॉबिन (खालचा दोरा गुंडाळायच्या चकत्या) आणून त्या भरूनच द्या, अर्धवट टीप मारताना खालचा दोरा संपला की जो वैताग येतो तो ज्याने शिवलंय त्यालाच माहीत. भरतकामाच्या लडी पण चांगल्या, एक लडी ८ मीटरची, सहा पदरांची, दोन किंवा तीन पदर वेगळे काढून धावदोरा घातला की गोधडीवर ओळ उठून दिसते. शंभर रुपयांत बऱ्याच येतात, एकाच रंगाच्या चार छटा घ्या, सतरा रंगांची एकेक घेऊ नका.

रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या ब्लेडचा कापड कापायचा कटर, वापरणारीला त्याचं सुटं ब्लेड, बहुतेकींचा कटर ४५ मिलिमीटरचा असतो. एक ब्लेड आमच्या मर्यादेत बसतं. कटर स्वतः मात्र देऊ नका, त्याला खाली खास मॅट लागते, आणि मॅट नसताना बाई टेबलच कापते. आमच्याकडच्या एका जेवणाच्या टेबलावर तशी सरळ रेघ आहे, पाहुणे आले की तिच्यावर तबक ठेवतात.

मेण

यावर जरा थांबते कारण हे घरी करता येतं आणि फार कमी जणींना माहीत आहे. हाताने शिवताना दोरा गुंततो, गाठी पडतात. दोरा मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढून घेतला की गुंता कमी होतो आणि नेढ्यात पण पटकन जातो. मेण मध विकणाऱ्यांकडे मिळतं, ते साधारण ६२ ते ६४ अंशाला वितळतं म्हणजे उकळत्या पाण्यात वाटी ठेवली की पुरे, थेट गॅसवर ठेवायचं नाही, पेट घेतं.

मला वाटलं दिवाळीच्या पणत्या उरल्यात, त्यात ओतलं की किती गोड दिसेल. ओतलं. दिसलं पण गोड. मातीची पणती ते पिऊन बसली, मेण काही केल्या सुटेना, आणि पणतीच्या काठावर घासून दोरा तुटायला लागला. सहा पणत्या वाया. दुसऱ्या खेपेला बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं घेतली, आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, मेण किंचित निवल्यावर ओतलं, तासाभराने फ्रीजमध्ये दहा मिनिटं, टकटक केलं की वडी बाहेर. वडीच्या कडेला सुरीने चार बारीक खाचा पाडा, दोरा त्या खाचेत बसतो. मेणबत्तीचं मेण चालतं का असं एकीने विचारलं, चालतं म्हणायला चालतं पण ठिसूळ, त्याचा भुगा कापडावर पडतो.

कापड द्यायचं असेल तर

कापड ही मोहाची जागा. दुकानात गेलं की सगळंच घ्यावंसं वाटतं. ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड अर्धा मीटर घ्या आणि मधे उभं कापा, साधारण ५० बाय ५५ सेंटिमीटरचे दोन तुकडे होतात, क्विल्टवाल्या ज्याला फॅट क्वार्टर म्हणतात ते जवळपास हेच. एक स्वतःला, एक मैत्रिणीला. या एका तुकड्यातून ५ इंचाचे १२ चौकोन निघतात. शिलाई सोडून प्रत्येक चौकोन साडेचार इंचाचा उरतो, तर असे ४२ चौकोन, सहा आडवे सात उभे, म्हणजे २७ बाय साडेएकतीस इंचाची बाळाची गोधडी. चार-पाचजणींनी मिळून एकीला चौकोन दिले की तिची एक अख्खी गोधडी होते, आमच्यात एकीला नात झाली त्या वर्षी असंच केलं होतं.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाणार असाल तर सकाळी लवकर जा, आणि कापड शुद्ध सुती आहे का ते विचारून भागत नाही, सगळे हो म्हणतात. कडेचे चार धागे उपटून घरी जाळून बघा: सुती कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. हे मोरीत करा, पदर सांभाळून. टेलरकडचे उरलेले तुकडे फुकट किंवा पाच-दहा रुपयांत मिळतात पण त्यात शर्टाचं मिक्स कापड फार, निवडून घ्यावं लागतं.

आता लाल कापडाची गोष्ट. कुणबी साडीची लाल चौकडी आपल्या सगळ्यांना आवडते, गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी पुन्हा लोकांच्या नजरेत आणली तेव्हापासून तर जास्तच. खरी हातमागावरची आपल्या दीडशेत बसत नाही, तशाच नक्षीचं यंत्रमागाचं कापड बसतं. मी एका दुकानातून तसं घेतलं, कोरं, चुरचुरीत, घडी घालून रिबन लावून आमच्या आंटींना दिलं. आंटी म्हणजे आमच्या वाड्यावरच्या, सत्तरीच्या, त्यांचे टाके बघायला बायका येतात. त्यांनी ते पांढऱ्या मलमलीच्या शेजारी लावून सुनेसाठी गोधडी केली, तीन महिने हाताने. पहिल्या धुण्याला पांढरं सगळं गुलाबी. मला काही बोलल्या नाहीत. "बरो दिसता गुलाबी," एवढंच. तेव्हापासून मी धुतल्याशिवाय कुणाला कापड देत नाही.

तर कापायच्या आधी धुवा, चौकोन करून धुतले तर कडा सुटून चिंध्या होतात. कोमट पाण्यात भिजवा, पाणी रंगलं तर परत, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो असं आई-आजी सांगायच्या, आजकालच्या रंगांना त्याने काही फरक पडत नाही, कच्चा रंग कच्चाच. शेवटी ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून इस्त्री फिरवा, रुमालावर डाग आला तर ते कापड स्वतःच्या पिशवीला ठेवा. धुण्याने आटायचं तेवढं कापड आटूनही जातं. आणि भेटीवर चिठ्ठी लावा, "धुतलेलं आहे". ही चिठ्ठी रिबनपेक्षा मोलाची.

हाताने करायचं असेल तर करवंटी

पैसे अजिबात घालायचे नसतील तर करवंटीचं पिनकुशन. आपल्याकडे करवंट्यांना काय तोटा. डोळे नसलेली अर्धी घ्या, खोबरं पूर्ण खरवडून दोन दिवस उन्हात. बाहेरचा काथ्या सुरीने खरवडून आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपर, मग खोबरेल तेलाचा हात, काळीभोर चकचकीत होते. ती टेबलावर डुलते, म्हणून खाली जुनी बांगडी चिकटवा, प्लास्टिकची किंवा धातूची, काचेची नको. तोंडाच्या दुपटीहून थोडं जास्त व्यासाचं गोल कापड कापा, कडेने धावदोरा घालून ओढा, पिशवी होईल, ती ठासून भरा आणि करवंटीत चिकटवा.

भरायचं काय हा खरा प्रश्न. तांदूळ नको, पावसाळ्यात किडे. कापूस नको, ओल धरतो आणि सुया आतल्या आत गंजतात, वरून दिसत पण नाही. सुताराकडचा लाकडाचा भुसा चाळून उन्हात खडखडीत वाळवून घातला तर चांगला. सगळ्यात छान म्हणजे जुन्या लोकरीच्या स्वेटरचे बारीक तुकडे, खऱ्या लोकरीत थोडा तेलकटपणा असतो, सुया बऱ्या राहतात. गोव्यात लोकरीचा स्वेटर कुठून आणायचा ते मला विचारू नका, मी बेळगावच्या नणंदेकडून आणला.

आणखी एक फुकटची वस्तू, जुनी एक्स-रे फिल्म. तिच्यातून पाच इंचाचा अचूक चौकोन कापून द्या, कापडावर ठेवून आखायला उत्तम, पुठ्ठ्यासारख्या कडा झिजत नाहीत. नाव-तारखेचा भाग कापून टाका. वहिनीला दिलेल्या साच्यात माझा डावा गुडघा दिसतो, ती म्हणते दर चौकोनाला तुझी आठवण येते.

बांधणं आणि देणं

चमकीचा कागद नको, चमकी कापडात जाते आणि वर्षभर निघत नाही. जुन्या साडीच्या काठाने बांधा, तो काठ पण तिला वापरता येतो. सुया कागदी पाकिटात असतील तर झिपच्या छोट्या पिशवीत घाला, चपलांच्या खोक्यात येते ती सिलिकाची पुडी सोबत टाका, पुडीवर "खायचं नाही" लिहिलेलं राहू दे, घरात नातवंडं असतात.

सुई-कात्री भेट देऊ नये असं मानणाऱ्या असतात, त्यांच्याकडून एक रुपया घ्या, मग ती विकत घेतलेली होते, वाद मिटला. आणि दिवेलागणीनंतर सुई द्यायची नाही हे तर आमच्या मावशी अजिबात मोडू देत नाहीत. म्हणून वाटप दुपारी चारला, चहाच्या आधीच. चहानंतर सगळ्यांच्या हाताला बेबिंकचं, म्हणजे आमच्या थराथरांच्या गोड केकचं, तूप असतं, आणि त्या हातांनी कोऱ्या कापडाला हात लावलेला आंटींना चालत नाही.